लाइट जाते किती यापेक्षा येते किती: खेड्यातल्या नेटवर्क साइटसाठी बॅटरी बॅकअप कसा निवडायचा

आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात, किनवटच्या जंगलाकडेला, भूम-परंड्याच्या माळावर किंवा जिंतूर-सेनगावच्या मधल्या एखाद्या टेकडीवर ज्यांची ओएलटी (फायबरचं नेट घरोघरी वाटणारा मुख्य डबा), रेडिओ (वायरलेसनं नेट पुढं पाठवणारं यंत्र) किंवा टॉवर उभा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुणी केबल-इंटरनेटचा धंदा करतो, कुणी ग्रामपंचायतीतलं फायबरचं कपाट सांभाळतो, कुणी कारखान्याच्या दूरच्या गेटवर नेट पोचवतो. लाइट गेली की फोन मात्र सगळ्यांना सारखेच येतात: "भाऊ, नेट गेलंय का?"

बॅटरीच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती तासांचा बॅकअप पाहिजे?" हा प्रश्न शहराचा आहे. तिथं लाइट दोन तास जाते आणि उरलेले बावीस तास बॅटरी भरायला मिळतात. आपल्याकडं कित्येक ठिकाणी गणित उलटं असतं. लाइट येते, पण १५० व्होल्टची येते. तासभर टिकते, ट्रिप होते, परत येते. अशा साइटवर बॅटरी मरते ती जास्त वापरल्यामुळं नाही, ती कधी पूर्ण भरलीच जात नाही म्हणून. त्यामुळं माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: लाइट जाण्याच्या दोन खंडांच्या मध्ये चांगल्या व्होल्टेजची लाइट सलग किती तास मिळते? बॅटरीचा प्रकार, चार्जरचा आकार, सोलर लागेल की नाही, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आधी लाइट मोजा

साइट कोणत्या फीडरवर आहे ते लाइनमनला विचारा. गावठाण फीडर आणि शेतीपंपाचा फीडर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री, चक्रानं. टेकडीखालच्या शेतमालकानं मोठ्या मनानं "घ्या की आमच्याच मीटरवरून" म्हटलं तरी घेऊ नका. शेतीपंपाच्या जोडणीवरून धंद्याची उपकरणं चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो, आणि दंडाचं बिल जागामालकाच्या नावानं निघतं. एकदा ते झालं की जागाही गेली आणि संबंधही गेले. पोल दूर असला तरी गावठाण फीडरवरून स्वतःचं व्यावसायिक मीटर घ्या. वायरचा आणि पोलचा खर्च मोठ्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो की नाही, याचा हिशेब निदान एकदा करून बघा.

लाइटचं वेळापत्रक काढायला महागडं यंत्र लागत नाही. एखादा जुना वायफाय राउटर बॅकअप न देता थेट लाइटच्या सॉकेटला लावा आणि साइटवरच्या मुख्य राउटरवरून त्याला सतत पिंग करत राहा. जुना राउटर बंद पडला म्हणजे लाइट गेली, उत्तर द्यायला लागला म्हणजे आली. मुख्य राउटरच्या लॉगमध्ये सगळ्या वेळा आपोआप नोंदल्या जातात. महिनाभर हे चालू द्या. जमलं तर एप्रिल-मेमधला एक आणि रब्बीच्या पाण्याच्या दिवसांतला एक, असे दोन महिने घ्या, कारण रब्बीत सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेजची दशा वेगळीच असते.

व्होल्टेज मात्र पिंगनं कळत नाही. त्यासाठी सॉकेटमध्ये बसणारं डिस्प्लेवालं मीटर लावा, किंवा संध्याकाळी सात-साडेसातला स्वतः मल्टिमीटर घेऊन जा. मीटर १४०-१६० दाखवत असेल तर त्या वेळेची लाइट चार्जिंगच्या हिशेबात अर्धीच धरायची. याचं कारण चार्जरच्या भागात सांगतो.

यातून तीन आकडे हातात यायला हवेत: नेहमीचा सगळ्यात मोठा खंड, दोन खंडांच्या मधली नेहमीची सलग लाइट, आणि वर्षातून एक-दोनदा येणारं मोठं संकट. डीपी जळाली तर नवीन येईपर्यंत किती दिवस लागतात हे गावाला तोंडपाठ असतं, तिथंच विचारा. तो तिसरा आकडा बॅटरीनं भागवायचा नसतो. तीन दिवसांची बॅटरी कुणाला परवडत नाही आणि घेतली तरी ती भरायची कशी, हा प्रश्न राहतोच.

लोड कागदावरचा नको, मीटरवरचा हवा

अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून राउटर २४ वॅट खातो असं नाही. तो आकडा अ‍ॅडॉप्टरच्या ताकदीचा आहे. राउटर प्रत्यक्षात नऊ-दहा वॅटवर चालत असेल. लेबलांची बेरीज केली तर दुप्पट बॅटरी विकत घ्याल. दुसऱ्या बाजूनं, ओएलटीचे सगळे पोर्ट भरलेले नसताना मोजलं तर कमी भरेल. म्हणून सगळं जोडून, मॉड्यूल बसवून, पंखा फिरत असताना डीसी क्लॅम्प मीटरनं करंट मोजा आणि व्होल्टेजनं गुणा. साधा एसी क्लॅम्प मीटर डीसी दाखवत नाही, हे विकत घेताना बघा.

उदाहरण म्हणून एक साइट धरू. ओएलटी ४२ वॅट, राउटर ११, दोन रेडिओ प्रत्येकी ९, स्विच ६, कपाटातला पंखा ३. बेरीज झाली ८० वॅट. पुढचं सगळं गणित या ८० वॅटवर करतो, तुम्ही तुमचा आकडा घाला.

घरचा इन्व्हर्टर नको, थेट डीसी बरं

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे घरात असतो तसला इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी. गावात मिळते, दुरुस्त होते, वायरमनला समजते. पण लहान लोडवर तो बॅटरी वाया घालवतो. इन्व्हर्टरला काहीही न जोडता नुसतं चालू राहायलाच साधारण १५ ते ३० वॅट लागतात. मग डीसीचं एसी, अ‍ॅडॉप्टरमध्ये परत एसीचं डीसी, आणि दोन्हीकडं गळती. आपल्या ८० वॅटच्या साइटसाठी बॅटरीतून १२५-१३५ वॅट ओढले जातात. म्हणजे दहा तासांसाठी घेतलेली बॅटरी सहा तासांत आडवी होते.

त्यापेक्षा एसएमपीएस चार्जर (लाइटच्या एसीचं डीसी करणारा डबा), बॅटरी आणि उपकरणं एकाच डीसी लाइनवर ठेवा. लाइट असताना एसएमपीएस लोड चालवतो आणि बॅटरी भरतो, लाइट गेली की बॅटरी आपसूक पुढं होते. मध्ये बदलणारा रिले नाही, त्यामुळं राउटर रीस्टार्ट होत नाही. टेलिकॉमवाले कित्येक दशकं हेच करत आले आहेत.

१२, २४ की ४८ व्होल्ट? उपकरणांच्या मागचं लेबल वाचून ठरवा, पण अंतर असेल तर ४८ कडं झुका. ३६ वॅटचं काहीतरी ३० मीटर लांब टॉवरवर आहे आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे असं समजा. १२ व्होल्टवर ३ अँपिअर जातात आणि जाण्या-येण्यात मिळून २ व्होल्टपेक्षा जास्त पडतात. वर १० व्होल्टसुद्धा पोचत नाहीत. तेच ४८ व्होल्टवर पाऊण अँपिअरमध्ये भागतं आणि घट जेमतेम अर्धा व्होल्ट राहते.

४८ व्होल्टच्या सिस्टिममध्ये दोन गोष्टी नीट बघा. पहिली ध्रुवाची. टेलिकॉमच्या जुन्या परंपरेत पॉझिटिव्ह अर्थला असतो, त्याला उणे ४८ म्हणतात. आपले छोटे राउटर आणि पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारे) स्विच बहुतेक निगेटिव्ह अर्थच्या समजुतीनं बनवलेले असतात. दोन्ही एका अर्थवर जोडले की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. एका साइटवर एकच पद्धत ठेवा आणि कपाटाच्या दारावर ऑइलपेंटनं लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट हमखास निसटते. १६ सेलची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ५१.२ व्होल्टची म्हणून विकतात, पण चार्ज होताना ती ५७.६ किंवा ५८.४ पर्यंत नेली जाते. पीओईवर चालणाऱ्या कित्येक उपकरणांची वरची मर्यादा ५७ व्होल्ट असते. एवढ्याशा फरकानं रेडिओचे पोर्ट जातात आणि दोष आभाळातल्या विजेवर येतो. अशा वेळी चार्जरचं व्होल्टेज ५५.२ वर आणा, म्हणजे सेलला ३.४५ व्होल्ट. बॅटरी थोडी हळू भरते, पण जवळपास पूर्ण भरते आणि तिचं आयुष्यही वाढतं. ज्या चार्जरमध्ये हे बदलायची सोय नाही तो घेऊच नका.

बॅटरी कोणती

तीनच पर्याय खरे आहेत: पाण्याची ट्युब्युलर, सीलबंद लेड-अ‍ॅसिड म्हणजे व्हीआरएलए, आणि लिथियम फेरो-फॉस्फेट म्हणजे एलएफपी. लिथियममध्ये दुसऱ्या रसायनांचे पॅकही स्वस्तात फिरतात, पण ऊन आणि एकांत असलेल्या कपाटात ते ठेवायचं धाडस मी करणार नाही. एलएफपी त्यातलं सगळ्यात थंड डोक्याचं रसायन आहे.

आपल्या साइटला रात्रीचे दहा तास काढायचे आहेत. ८० वॅट गुणिले १० म्हणजे ८०० वॅट-तास. एलएफपी ८० टक्के रिकामी करायची धरली तर १००० लागतात. बॅटरी जुनी होऊन २० टक्के कमजोर झाली तरी काम भागावं म्हणून १२५०. म्हणजे ५१.२ व्होल्ट २५ एएचचा पॅक, १२८० वॅट-तासांचा, अगदी काठावर बसतो. लेड-अ‍ॅसिड रोजच्या वापरात निम्मीच रिकामी करावी. त्या हिशेबानं १६०० आणि कमजोरी धरून २००० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्ट ४२ एएचच्या चार बॅटऱ्या.

इथवर लेड-अ‍ॅसिड स्वस्त दिसते. आता लाइटचा आकडा आत घ्या. समजा सलग चार तासच चांगली लाइट मिळते. ४२ एएचच्या बॅटरीला दहावा हिस्सा, म्हणजे ४.२ अँपिअरनं चार्ज करायचं. चार तासांत १६.८ एएच गेले. रात्री वापरलेही जवळपास तेवढेच होते. कागदावर भरली. प्रत्यक्षात लेड-अ‍ॅसिड जेवढं घेते तेवढं परत देत नाही. शिवाय ८०-८५ टक्क्यांच्या पुढं ती करंट कमी-कमी घेऊ लागते आणि शेवटच्या टप्प्याला कितीतरी तास लावते. ते तास आपल्याकडं नाहीत. रोज थोडी अर्धवट राहते, प्लेटवर सल्फेट बसत जातं आणि वर्षभरात दहा तासांची बॅटरी तीन तासांवर येते. दुकानदार म्हणतो, "दादा, बॅटरी खराब निघाली, बदलून देतो." नवीन बॅटरी त्याच वाटेनं जाते.

एलएफपीला अर्धवट भरल्याचं दुःख नाही. उलट सतत शंभर टक्क्यांवर न ठेवलेलं तिला मानवतं. चार तासांत ८०० वॅट-तास परत भरायला गळती धरून २१० वॅट लागतात, म्हणजे चारेक अँपिअर, आणि २५ एएचच्या पॅकला हा करंट किरकोळ आहे. म्हणून सलग लाइट सहा-आठ तासांपेक्षा कमी मिळत असेल तर महाग असली तरी एलएफपी घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. ज्या गावात लाइट दिवसभर असते आणि महिन्यातून दोन-चारदाच जाते, तिथं चांगली व्हीआरएलए पुरते. लिथियमच्या जादा पैशांत तिथं अर्थिंग सुधारा.

ट्युब्युलर बॅटरी दणकट आहे, पण तिला पाणी लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ग्रामपंचायतीच्या मोकळ्या खोलीत, रोज माणसाचा पाय पडतो तिथं ती चालेल. ओएलटीच्या बंद कपाटात कधीच नको. आम्लाच्या वाफेनं स्विचचे पोर्ट आणि वायरचे लग पांढरे-हिरवे होतात आणि मग अधूनमधून लिंक जाण्याचं कारण सापडत नाही. क्षमतेचं लेबलही बघा: १५० एएच हा आकडा सी-२० चा आहे की सी-१० चा? वीस तासांत रिकामी केली तर १५० देणारी बॅटरी दहा तासांत त्याहून कमीच देते. दोन दुकानांतल्या किमतींची तुलना करण्याआधी दोन्ही लेबलं एकाच पट्टीवर आणा.

चार्जर: जिथं सगळे पैसे वाचवतात

आपल्या साइटला लोडचे ८० आणि चार्जिंगचे २१० मिळून २९० वॅट लागतात. ५४ व्होल्टला ते साडेपाच अँपिअर झाले. म्हणून ४८ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस घ्यायचा, ५ चा नाही. दुप्पट कशाला? इनपुट व्होल्टेज कमी झालं की बहुतेक टेलिकॉम एसएमपीएस आपली ताकद कमी करतात. साधारण १७५-१८० व्होल्टच्या खाली ते उतरत जातात आणि १०० च्या आसपास निम्म्यावर येतात. डेटाशीटमध्ये हा आलेख असतो, तो मागून घ्या. ज्या चार्जरच्या कागदावर नुसतं "इनपुट २३० व्होल्ट" लिहिलंय त्याला आपल्या फीडरवर आणू नका. ९० ते ३०० व्होल्टपर्यंत टिकणारा बघा.

वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. डीपीवर न्यूट्रल सुटला की फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट यायला वेळ लागत नाही, आणि त्या दिवशी अख्ख्या आळीतले टीव्ही-फ्रिज जातात. एसएमपीएसच्या आधी जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं आणि काही मिनिटं थांबून परत जोडणारं प्रोटेक्टर बसवा. घरच्या स्टॅबिलायझरनं हे काम होत नाही. त्याचा रिले पंपाच्या प्रत्येक चालू-बंदला टकटक करत बसतो आणि सहा महिन्यांत चिकटतो.

लेड-अ‍ॅसिडच्या चार्जरवर लिथियम लावायचा मोह टाळा. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर मधूनच इक्वलायझिंगसाठी (सगळे सेल सारखे भरण्यासाठी) व्होल्टेज चढवतो. मग लिथियमच्या आतला बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, पॅक तोडतो आणि नेमकं लाइट असतानाच बॅटरी सिस्टिममधून बाहेर पडते. उलट लेड-अ‍ॅसिड वापरत असाल तर चार्जरला तापमानाचं सेन्सर असलंच पाहिजे. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण १८ ते ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. २५ अंशाला योग्य असलेलं १३.६ व्होल्टचं फ्लोट (भरलेल्या बॅटरीवर कायम ठेवायचं व्होल्टेज) ४५ अंशाच्या कपाटात बॅटरी उकळवतं आणि सीलबंद बॅटरीचं पोट फुगतं.

ऊन

लेड-अ‍ॅसिडचा एक जुना ठोकताळा आहे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. पाच वर्षांची बॅटरी ३५ अंशाला अडीच वर्षांची होते आणि ४५ ला सव्वा वर्षाची. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं. पश्चिमेकडं तोंड केलेल्या पत्र्याच्या कपाटात दुपारी चारला हात घालून बघा, बॅटरीच्या टर्मिनलला बोट लावून ठेवता येत नाही.

एलएफपी उष्णता जास्त सोसते, पण तिचं चार्जिंग बहुतेक कंपन्या ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान बंद करतात. ते काम बीएमएस मुकाट्यानं करतो. मग असं घडतं: दिवसभराची गेलेली लाइट दुपारी तीनला आली, चार्जर चालू, दिवा हिरवा, आणि बॅटरीत काहीच जात नाही. सहा वाजता गार होईपर्यंत लाइट परत गेलेली असते. बॅटरी घेताना "चार्जिंग कटऑफ किती अंशाला आणि परत किती अंशाला सुरू?" हे लेखी विचारा. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर तो फक्त डबा विकतोय.

उपाय स्वस्त आहेत. कपाटाचं दार उत्तरेकडं करा. बाहेरून पांढरा रंग द्या. छताच्या वर चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा ठोका, म्हणजे ऊन वरच्या पत्र्यावर पडतं आणि मधून हवा वाहते. एवढ्या एका गोष्टीनं आतली दुपार बदलते. बॅटरी खालच्या कप्प्यात आणि गरम होणारी ओएलटी वरच्या कप्प्यात ठेवा, मध्ये फळी टाका. खाली आणि वर जाळीच्या खिडक्या हव्यात. जाळी बारीक घ्या, नाहीतर पाल आत जाते आणि एसएमपीएसच्या बोर्डावर उबेला बसते. तिच्यासकट बोर्ड जळाल्याचे प्रकार आपल्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिलेत.

गारव्यासाठी बॅटरी जमिनीत पुरायचा सल्ला कुणी दिला तर जमीन विचारा. काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा विहीर होतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना-मांजरा काठच्या गावांत पाणी कुठवर चढलं होतं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना चौथरा किती उंच घ्यायचा हे सांगायला नको. बॅटरीचा रॅक चौथऱ्याला बोल्टनं धरून ठेवा. किल्लारीचा १९९३ चा भूकंप जुना झाला, तरी वसमत-कळमनुरीकडं जमीन अजून अधूनमधून हलते.

फ्यूज, वायर, कटऑफ

बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. पॉझिटिव्ह अर्थच्या सिस्टिममध्ये तो निगेटिव्हला लागतो. डीसीसाठी एसीचा एमसीबी वापरू नका. एसीत करंट दर अर्ध्या चक्राला शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही आणि एमसीबीच पेटतो. डीसी रेटिंग छापलेलाच घ्या आणि त्यावर ध्रुवाची खूण असेल तर ती पाळा.

लो-व्होल्टेज कटऑफ हे बॅटरीचं खरं संरक्षण आहे. लेड-अ‍ॅसिडच्या ४८ व्होल्टच्या बँकेला ४४ च्या आसपास तोडा. ४२ म्हणजे तळ आहे, तिथवर रोज नेलं तर वर्ष निघत नाही. परत जोडण्याचं व्होल्टेज ५१ च्या वर ठेवा, नाहीतर लोड काढताच बॅटरीचं व्होल्टेज थोडं वर येतं, कटऑफ परत जोडतो, परत तोडतो आणि रात्रभर राउटर चालू-बंद होत राहतो. दोन टप्प्यांचा कटऑफ मिळाला तर उत्तम: आधी कॅमेरा आणि फुकटचा वायफाय जाऊ दे, पुढच्या गावाला नेट देणारा रेडिओ शेवटपर्यंत चालू दे. एका साइटमागं तीन गावं असतील तर ही निवड आधीच करून ठेवायची असते.

एलएफपीच्या बाबतीत व्होल्टमीटर बघून किती शिल्लक आहे ते कळत नाही. बहुतेक काळ तिचं व्होल्टेज एकाच पातळीवर रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळं आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारं शंटवालं मीटर लावा, किंवा बीएमएसचा आकडा बाहेर देणारा पॅक घ्या.

अर्थिंग, म्हणजे खरा विमा

एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्याकडं विजा पडतात, आणि टेकडीवरचा टॉवर तिच्या वाटेतच उभा असतो. इथं दोन अडचणी आहेत. काळी माती पावसाळ्यात छान अर्थिंग देते, पण उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि नेमकं पहिल्या वळवाच्या वेळी अर्थिंग सगळ्यात वाईट असतं. टेकडीवर तर वीतभर मुरमाखाली काळा पाषाणच. तिथं एकच पाइप ठोकून भागत नाही. दोन-तीन इलेक्ट्रोड लांब-लांब टाका, सगळे जीआय पट्टीनं जोडा, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मार्चपासून दर आठवड्याला घागरभर पाणी ओतायचं काम कुणाला तरी नेमून द्या. अर्थचा रोध ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. अर्थिंगच्या पद्धतीचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे, गुत्तेदाराला काम देताना त्याचा उल्लेख वर्कऑर्डरमध्ये करा.

टॉवर, कपाट, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) आणि डीसीचा अर्थ, सगळं एकाच पट्टीवर जोडा. वेगवेगळे अर्थ ठेवले तर वीज पडताना दोन अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो तुमच्या ओएलटीमधून वाट काढतो. एसीच्या तोंडाशी सर्ज प्रोटेक्टर लावलात तरी टॉवरवरून उतरणारी पीओईची केबल विसरू नका. बरीच नुकसानं तिथूनच आत येतात.

डीपी जळाली तर

लहान पेट्रोल जनरेटर दोन-तीन साइटमध्ये मिळून एक ठेवा आणि प्रत्येक कपाटाला त्यासाठी वेगळं सॉकेट आणि चेंजओव्हर करून ठेवा. चार्जर १० अँपिअरचा असेल तर जनरेटर तीन-चार तास चालवून रात्र निघते. इथंही मोठा चार्जरच कामाला येतो.

सोलर हवं असेल तर हिशेब पावसाळ्याचा करा. ८० वॅट चोवीस तास म्हणजे रोजचे १९२० वॅट-तास. ढगाळ दिवसांत तीन तासांचंच पूर्ण ऊन धरलं आणि गळती ३० टक्के धरली, तर सव्वानऊशे वॅटचे पॅनेल लागतात. म्हणजे ५५० वॅटचे दोन. लाइटला नुसता हातभार म्हणून लावायचं असेल तर एकही पुरे. तोंड दक्षिणेकडं, कल १८-२० अंश. चार्ज कंट्रोलर एमपीपीटीचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या आणि त्याचं चार्जिंग व्होल्टेज एसएमपीएसच्या बरोबरीनं बसवा.

घेताना आणि घेतल्यावर

लिथियमचा पॅक घेताना वजन करा. एलएफपीचा १२८० वॅट-तासांचा पॅक साधारण १२-१५ किलोचा असतो. फारच हलका लागला तर आत सेल कमी आहेत. सेल नवे की गाड्यांतून काढलेले, हे बिलावर लिहून घ्या. औद्योगिक वापराच्या लिथियम बॅटरीसाठी आयईसी ६२६१९ हे सुरक्षेचं मानक आहे, त्याचा चाचणी अहवाल मागा.

मग साइटवर नेण्याआधी स्वतः रिकामी करून बघा. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे चार बल्ब सिरीजमध्ये लावले की ४८ व्होल्टवर सव्वादोनशे-अडीचशे वॅटचा लोड तयार होतो. बल्ब विटेवर ठेवा, हात लावू नका. पूर्ण भरलेला २५ एएचचा पॅक पाच तासांच्या आसपास चालायला हवा. साडेतीन तासांत बंद पडला तर तो परत करा. हीच चाचणी दर वर्षी मार्चमध्ये करून तास दारावर लिहून ठेवा. पहिल्या वर्षीच्या ८० टक्क्यांच्या खाली उतरली की पुढच्या बजेटमध्ये नवीन बॅटरी धरा.

घरी बसून कळायला हव्यात अशा गोष्टी तीनच: लाइट आहे का, बॅटरीचं व्होल्टेज आणि कपाटाचं तापमान. एसएमपीएसला एसएनएमपी (नेटवरून दूरूनच आकडे वाचायची सोय) असेल तर सोपं, नसेल तर एसएमएस पाठवणारं छोटं जीएसएम मॉड्यूलही चालतं. लाइट गेल्याचा निरोप आला की लाइनमनला फोन करायचा आणि व्होल्टेज उतरल्याचा आला की जनरेटर गाडीत टाकायचा.

लेडची बॅटरी भंगारात विकली जाते, म्हणून चोरीला जाते. रॅकला वेल्डिंगचा पिंजरा आणि आत दडलेलं कुलूप, म्हणजे चोराचा कटर तिथवर पोचत नाही असं. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विकणाऱ्याकडं परत द्या. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ प्रमाणे त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नव्या बॅटरीच्या बिलात जुन्याचे पैसे वळते करून घेता येतात. भाव आधी ठरवा, गाडीत बॅटरी चढवल्यावर नाही.